शेपटी सापडेपर्यंत

मार्च 1899 ते फेब्रुवारी 1900 या काळात ‘सिबोगा’ नावाची डच गनबोट आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रात तळ खरवडत फिरत होती. मोहिमेचे प्रमुख होते प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स वेबर. त्यांच्या पत्नी ॲना वेबर-व्हान बॉस शैवालांच्या अभ्यासक म्हणून बरोबर होत्या. 322 ठिकाणी जाळी आणि खरवडण्या सोडून जे हाती लागले ते बाटल्यांत भरले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे युरोपभरच्या तज्ज्ञांकडे वाटले गेले. मासे एकाकडे, स्पंज दुसऱ्याकडे, खेकडे तिसऱ्याकडे. ज्या जिवांना कोणी वाली नव्हता, त्यांतले काही पॅरिसमध्ये मॉरिस कोलरी यांच्या टेबलावर पोहोचले.

त्यांत काही बारीक नळ्या होत्या. जाडी मिलिमीटरच्या अंशात, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर. नळीच्या आत तितकाच बारीक कृमी आणि त्याच्या डोक्याकडे एकच लांब शुंडक. कोलरींनी त्याचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिन्या होत्या, चेतारज्जू होती, जननेंद्रिये होती. तोंड नव्हते, आतडे नव्हते, गुदद्वारही नव्हते. आतड्याशिवाय जगणारे कृमी प्राणिशास्त्राला ठाऊक होते, पण ते पट्टकृमीसारखे परजीवी, दुसऱ्याच्या पोटात बसून आयते खाणारे. हा गृहस्थ तर समुद्राच्या तळाशी स्वतंत्र राहत होता. मग खात काय होता?

कोलरींनी त्याचे नामकरण केले : सिबोग्लिनम वेबेराय. बोट आणि प्रमुख, दोघांचा मान राखला गेला. त्याच्यासाठी ‘सिबोग्लिनिडी’ हे नवे कुलही त्यांनी 1914 मध्ये उभे केले. पण हे कुल कोणत्या संघात बसते, याचा निवाडा त्यांनी केला नाही.

शाळेत आपण जी उतरंड शिकतो (सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती) तिच्यात संघ म्हणजे शरीराचा मूळ आराखडा. गोगलगाय आणि माकूल यांचा संघ एक, गांडूळ आणि जळू यांचा एक, तारामासा आणि सागरी काकडी यांचा एक. प्राण्याचा संघ सांगता येत नाही याचा अर्थ त्याच्या शरीराचा आराखडाच आपल्याला वाचता आलेला नाही. कोलरींनी ही कबुली दिली आणि पुढची तीस वर्षे तो कृमी मनात बाळगला; त्यांचा सविस्तर प्रबंध 1944 साली आला. तोवर इतरांनी तो मोकळा रकाना भरायला घेतला होता.

सुरुवात ओखोत्स्कच्या समुद्रात झाली. सोव्हिएत संशोधक पावेल उशाकोव्ह यांना तिथे सुमारे साडेतीन हजार मीटर खोलीवरून आणखी एक नळीवासी कृमी मिळाला. याच्या डोक्यावर एक नव्हे, शुंडकांचा पुंजका होता. उशाकोव्ह बहुलोमी कृमींचे जाणकार. पंख्यासारखा तुरा पसरून नळीत बसणारे साबेला नावाचे कृमी त्यांच्या परिचयाचे. 1933 मध्ये त्यांनी नव्या प्राण्याला त्याच गोतावळ्यात बसवले आणि ‘लॅमेलिसाबेला झाक्सी’ असे नाव दिले. गोतावळा म्हणजे वलयी प्राणी संघ, गांडुळाचा संघ.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या के. ई. योहान्सन यांना हे पटले नाही. त्यांनी नमुन्याचे काप काढले तेव्हा वलयी प्राण्याची ओळख पटवणाऱ्या खुणा दिसेनात. वलयी प्राण्याचे शरीर एकामागे एक जोडलेल्या खंडांचे असते. इथे लांबलचक धड अखंड होते. 1937 मध्ये त्यांनी या प्राण्यासाठी ‘पोगोनोफोरा’ हा वेगळा वर्ग काढला. शुंडकांच्या झुपक्यावरून सुचलेले हे नाव; त्याचा अर्थ दाढी धारण करणारे. 1944 मध्ये रशियन शरीररचनातज्ज्ञ व्लादिमिर बेक्लेमिशेव यांनी वर्गाला बढती देऊन पोगोनोफोरा हा स्वतंत्र संघ केला. उशाकोव्हचा दाढीवाला आणि कोलरींचा एकशुंडी हे एकाच घराण्यातले, हेही लवकरच ध्यानात आले.

विसाव्या शतकाच्या मध्याला प्राणिसृष्टीत नवा संघ सापडावा ही लहान गोष्ट नव्हती. मोठे आराखडे एकोणिसाव्या शतकातच हाती लागले आहेत, अशी समजूत पक्की झालेली होती. या नव्या संघाला घरदार मिळवून दिले लेनिनग्राडच्या आर्टेमी इव्हानोव यांनी. 1949 पासून ‘वित्याज’ हे सोव्हिएत संशोधन जहाज वायव्य पॅसिफिकच्या खोल गर्ता पिंजून काढू लागले आणि त्याच्या जाळ्यांत हे कृमी ढिगाने येऊ लागले. तोवर अनेक जहाजांवर अशा नळ्या धागेदोरे समजून समुद्रात परत फेकल्या जात असत. इव्हानोव यांनी त्या निवडल्या, मोजल्या, चिरल्या. त्यांचा ग्रंथ 1960 मध्ये रशियनमध्ये आणि 1963 मध्ये इंग्रजीत आला. पुढची कित्येक वर्षे या विषयात तोच प्रमाण मानला गेला.

एका जातीचा कृमी दुसऱ्या जातीपासून ओळखायचा कसा, याची पद्धतही त्या ग्रंथाने घालून दिली. शुंडके किती : एक, दोन, बारा, की दोनशेच्या वर? ती सुटी आहेत की एकमेकांना चिकटून त्यांचे नळकांडे झाले आहे? नळीवर कडी आहेत का, त्यांतले अंतर किती, रंग कोणता? पुढच्या भागावर लगामासारखी एक उंच रेघ असते, तिची टोके जुळतात की मोकळी राहतात? धडावरच्या दातेरी पट्ट्यांची मांडणी कशी? नर आपले शुक्राणू ज्या पुडीत बांधून सोडतो तिचा आकार काय? मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या देहावर हे सगळे पाहायचे, म्हणजे डोळ्यांची परीक्षाच.

जाती नीट वेगळ्या होत होत्या. अडचण वरच्या पायरीवर होती. इव्हानोव यांना शरीराचे तीन भाग दिसले आणि प्रत्येकात स्वतंत्र देहगुहा. असा त्रिखंडी आराखडा अर्धसमपृष्ठरज्जू प्राण्यांमध्ये आढळतो. ते प्राणी तारामाशांचे आणि, दूरच्या नात्याने, आपलेही आप्त. तेव्हा पोगोनोफोरा त्यांच्या शेजारी बसवले गेले. या निर्णयातून आणखी एक गोष्ट ओघाने आली. ज्या प्राण्याला तोंड नाही, आतडे नाही, त्याची पाठ कोणती आणि पोट कोणते? चेतारज्जू ज्या बाजूला आहे ती पाठ, असे इव्हानोव यांनी धरले. वलयी प्राण्यात ती पोटाच्या बाजूला असते. म्हणजे एकच कृमी दोन पंथांच्या चित्रांत एकमेकांच्या उलट पडून होता.

इव्हानोव यांची निरीक्षणे काटेकोर होती. कमी पडला तो नमुना. हे कृमी आपल्या नळीसकट चिखलात उभे रुतलेले असतात. हजारो मीटर लांब तारेच्या टोकाला बांधलेली खरवडणी तळावरून फरफटत गेली की नळी मध्येच तुटते. वरचा भाग जाळ्यात येतो, मागचे टोक चिखलातच राहते. पन्नास वर्षे, डझनावारी जाती, शेकडो नमुने, आणि जवळजवळ प्रत्येक नमुना शेवटची पाने फाटलेल्या पोथीसारखा. पोथी तिथेच संपते असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

ती शेवटची पाने नॉर्वेत सापडली. बर्गनजवळच्या एका फियोर्डात, खोल समुद्राच्या मानाने उथळ पाण्यात, सिबोग्लिनमचीच एक जात राहत होती. मायकेल वेब यांनी 1963 मध्ये तिचे सिबोग्लिनम फियोर्डिकम असे नामकरण केले. जवळच्या, कमी खोल पाण्यातून नमुने हळुवार काढता येत होते. त्यामुळे काही कृमी अखंड निघाले. 1964 मध्ये वेब यांनी त्यांच्या मागच्या टोकाचे वर्णन छापले. अखंड धडाच्या मागे एक छोटा भाग होता. तो अनेक खंडांचा होता, खंडाखंडात पडदे होते आणि खंडांवर ओळीने दृढरोम होते, गांडुळाच्या अंगावर बोट उलटे फिरवले की खरखरतात तेच. नांगरासारखा हा भाग चिखलात रोवून कृमी नळीत स्वतःला धरून ठेवत असे. तीन भागांचा म्हणून गाजलेला प्राणी चार भागांचा निघाला आणि चौथा भाग उघडउघड वलयी होता.

इतका स्पष्ट पुरावा मिळाल्यावर वाद संपायला हवा होता. पण संघ एकदा पाठ्यपुस्तकात गेला की सहज बाहेर पडत नाही. खंड आणि दृढरोम दोन वंशांत स्वतंत्रपणेही आले असतील, असा बचाव शिल्लक होता. त्यात समुद्राने नवा घोळ घातला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पाणबुडीच्या साहाय्याने बरेच जाडजूड नळीवासी मिळाले. 1969 मध्ये वेब यांनीच त्यांना लॅमेलिब्रॅकिया बारहामी म्हटले. त्यांच्या पुढच्या भागावर अंगरख्यासारखे दोन पदर होते. त्यावरून या गटाला व्हेस्टिमेंटिफेरा असे नाव पडले. 1970च्या दशकात व्हान डेर लांड आणि नॉरेव्हांग या जोडीने लॅमेलिब्रॅकिया वलयी प्राणीच आहे असे साधार मांडले. त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, कारण तोवर सगळ्यांचे डोळे गालापागोसकडे लागले होते.

फेब्रुवारी 1977. गालापागोस बेटांजवळ, अडीच हजार मीटर खोलीवर, ‘आल्विन’ पाणबुडी समुद्रतळाच्या भेगेतून निघणारे गरम पाणी शोधायला उतरली. मोहीम भूशास्त्रज्ञांची; जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, कारण तिथे पाहण्यासारखे जीव असतील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. कोमट पाण्याच्या झऱ्यांभोवती त्यांना शिंपल्यांची दाटी दिसली आणि दीड-दोन मीटर उंच पांढऱ्या नळ्यांचे रान, प्रत्येक नळीच्या तोंडाशी लालभडक तुरा. नमुने टिकवायला पुरेसे फॉर्मॅलिनही जहाजावर नव्हते, तेव्हा काही जीव रशियन व्होडकात बुडवून आणावे लागले.

हे कृमी वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात मेरेडिथ जोन्स यांच्याकडे गेले. 1981 मध्ये त्यांनी नाव दिले रिफ्टिया पॅकिप्टिला. कोलरींना पडलेला प्रश्न आता दोन मीटर उंचीचा होऊन समोर उभा होता : तोंड नाही, आतडे नाही, मग एवढा देह पोसतो कोण? धडात एक मऊ, पिशवीसारखी ऊती खचाखच भरलेली होती आणि तिच्यात गंधकाचे स्फटिक. जोन्स यांनी हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात ही गोष्ट सांगितली तेव्हा श्रोत्यांत कोलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी होती. तिथल्या तिथे उठून तिने सुचवले, की कृमीच्या आत गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत. जोन्स यांनी तिला ऊतीचा तुकडा दिला. 1981 मध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर छापून आले : ती ऊती म्हणजे जीवाणूंची वसाहतच, एका ग्रॅममध्ये अब्जावधी. तुऱ्यातले लाल हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही धरून रक्तातून आत नेते; जीवाणू त्यांच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडचे अन्न बनवतात; कृमी त्यावर पोसतो. बारीक पोगोनोफोरांतही असेच भाडेकरू आहेत, हे इंग्लंडमधल्या प्लिमथच्या ईव्ह साउथवर्ड यांनी लगोलग दाखवले.

खाण्याचे कोडे सुटले, पण वर्गीकरणाचे उलट वाढले. 1985 मध्ये जोन्स यांनी सहा नव्या जातींचे वर्णन केले आणि त्याच निबंधात रिफ्टियासकट व्हेस्टिमेंटिफेरा हा स्वतंत्र संघ जाहीर केला. 1914 मध्ये ज्याला एकही संघ मिळाला नव्हता त्या घराण्याकडे आता दोन होते. जोन्स यांचाही तर्क बिनबुडाचा नव्हता. अंगरख्याचे पदर, शरीराचा आकार आणि शुंडकांची रचना बारीक पोगोनोफोरांपेक्षा खरोखर निराळी होती. फरक मोठा दिसला की माणूस वरची पायरी देतो. तो फरक प्राचीन वंशभेदामुळे आला की परिस्थितीशी जुळवून घेताना अलीकडे आला, हे नुसत्या डोळ्याला कळत नाही.

ते कळायला बाळांकडे जावे लागले. 1988च्या सुमारास साउथवर्ड यांनी, तसेच जोन्स आणि त्यांचे सहकारी गार्डिनर यांनी, कृमींची अगदी लहान पिल्ले तपासली. त्यांना तोंड होते आणि आतडेही. वाढताना ते बुजून जाते. आतडे आले म्हणजे पोट कुठे आणि पाठ कुठे हा जुना तंटाही मिटला : चेतारज्जू वलयी प्राण्याप्रमाणे पोटाच्या बाजूलाच होती. जीवाणू याच तोंडावाटे शिरत असतील असा तेव्हाचा अंदाज होता; 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने ते पिल्लाच्या त्वचेतून आत जातात असे दाखवले. म्हणजे प्रत्येक पिढीत कृमी जीवाणूंविना जन्मतो आणि त्यांचा संसर्ग झाला तरच जगतो.

शेवटचा घाव जनुकांनी घातला. 1993 मध्ये कोजिमा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी एका प्रथिनाच्या क्रमावरून व्हेस्टिमेंटिफेरांचे वलयी प्राण्यांशी जवळचे नाते दाखवले. 1997 मध्ये डॅव्हनेट मक्ह्यू यांनी त्याच प्रथिनाच्या जनुकावरून वंशवृक्ष मांडला. पोगोनोफोरा आणि व्हेस्टिमेंटिफेरा दोन्ही वलयी संघाच्या आत, बहुलोमी कृमींच्याच एका फांदीवर बसले. दोन संघ एका फटक्यात रद्द झाले. उरले ते एक कुल.

आता त्या कुलाला म्हणायचे काय? प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत कुलापर्यंतच्या नावांना ज्येष्ठतेचा नियम लागतो : आधी छापलेले नाव ग्राह्य. संघांच्या नावांना तो लागत नाही, म्हणून पोगोनोफोरा इतकी वर्षे मिरवले. बढती रद्द होऊन प्राणी कुलाच्या पायरीवर आले आणि कोलरींचे 1914चे सिबोग्लिनिडी आपोआप हक्काचे ठरले. ग्रेग राऊस यांनी 2001 मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्र्याऐंशी वर्षे तज्ज्ञांनी चढवलेले मजले उतरले आणि जो माणूस कुलापाशी थांबला होता त्याचे काम तेवढे शाबूत राहिले. कोलरींना उत्तर ठाऊक नव्हते. पण हातातला तुकडा कोणत्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या नाही, याचा अंदाज त्यांना इतरांपेक्षा चांगला होता.

हीच शिस्त जातींच्या पातळीवरही लागते. कॅनडाच्या पश्चिमेला समुद्रतळावरच्या हुआन द फुका पर्वतरांगेत जोन्स यांनी रिजिया या प्रजातीच्या दोन जाती सांगितल्या होत्या. पुढे झऱ्यांवर वारंवार जाणाऱ्यांना आखूड जाड, लांब सडपातळ आणि मधल्या सगळ्या ठेवणींचे कृमी दिसू लागले. 1995 मध्ये साउथवर्ड, व्हेरेना टनिक्लिफ आणि मायकेल ब्लॅक यांनी देहरचना आणि रेणवीय पुरावा एकत्र ठेवून निकाल दिला : जात एकच, रिजिया पिसेसी. झऱ्याचा जोर जिथे जास्त तिथे आखूड जाड, जिथे पाणी नुसते झिरपते तिथे लांब आणि बारीक. म्हणजे नळीची लांबी आणि रंग या ज्या खुणांवर जुने तज्ज्ञ विसंबत, त्या जातीच्या नसून पाण्याच्या असू शकतात.

आणि कुल एक असले तरी जगणे किती वेगवेगळे! पूर्व पॅसिफिकमध्ये समुद्रतळावरच्या ज्वालामुखीच्या 1991च्या उद्रेकाने एक पट्टा भाजून निघाला. 1993 संपेपर्यंत तिथे रिफ्टियाच्या दीड मीटर लांब नळ्या उभ्या होत्या. मेक्सिकोच्या आखातात थंड झिरप्यांवर राहणाऱ्या लॅमेलिब्रॅकिया लुमेसीला दोन मीटर वाढायला 170 ते 250 वर्षे लागतात, असा हिशेब 2000 साली मांडला गेला. गरम झऱ्याशी दोनेक वर्षांत पिकणारे आयुष्य आणि शतके ओलांडणारे आयुष्य, एकाच आराखड्यातून.

सगळ्यात अवघड उमेदवार 2002 मध्ये आला. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात रॉबर्ट व्हरायनहुक यांच्या चमूने दूरनियंत्रित यान 2891 मीटरवर उतरवले, तेव्हा समोर करड्या देवमाशाचा सांगाडा दिसला आणि हाडांवर तांबड्या तुऱ्यांचे दाट पीक. त्यांच्या देहाचा मागचा भाग मुळ्यांसारखा फाटे फुटून हाडात शिरला होता. तोंड नाही, आतडे नाही, खंड नाहीत, दृढरोमही नाहीत. मुळ्या आम्ल सोडून हाड विरघळवतात आणि आतले जीवाणू त्यातले पोषण पचवतात. 2004 मध्ये राऊस, शॅना गोफ्रेडी आणि व्हरायनहुक यांनी ‘ओसेडॅक्स’ ही प्रजाती जाहीर केली आणि डीएनएच्या आधारे तिला सिबोग्लिनिडी कुलात जागा दिली.

गंमत अशी, की तपासलेले सगळे मोठे कृमी माद्या होत्या. नर सूक्ष्मदर्शकाखाली सापडले, मादीच्या नळीतच, काही नळ्यांत शंभराहून अधिक. ते अळीच्या अवस्थेतच थांबलेले आणि अंगातल्या पिवळ्या बलकाच्या शिदोरीवर जगणारे. मादीने मुळ्यांच्या बदल्यात सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या. पण या बटू नराच्या मागच्या टोकाला आकड्यांसारखे दृढरोम शाबूत होते. डीएनएने जे सांगितले तेच शरीरही सांगत होते, फक्त योग्य लिंगाचा नमुना आणि योग्य टोक तपासावे लागत होते.

माँटेरेच्या हाडांवर आणखी कितीतरी जाती आहेत हे जनुकांवरून उघड झाले होते. तरीही त्यांतल्या बऱ्याच जातींना ‘पिवळी कॉलर’, ‘नारिंगी कॉलर’ अशा कामचलाऊ टोपणनावांवर वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. 2018 मध्ये राऊस आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या चौदा जातींना एकदम रीतसर नावे दिली, ती देताना रूपाच्या वर्णनाबरोबर डीएनएचा क्रमही जोडला. सांगाड्यावरचा कृमी उपटताना मुळ्या हाडातच तुटून राहण्याचा धोका असतोच, त्यामुळे नाव देण्याआधी हाडाचा तुकडा फोडून देह शक्य तितका अखंड काढणे हा या कामाचा भाग झाला आहे. जातीची ओळख डीएनएच्या एका थेंबभर नमुन्यातून पटते. पण तो प्राणी काय आहे, कसा जगतो आणि कोणाचा नातेवाईक म्हणून तसा झाला, हे सांगायला आजही दोन्ही टोके लागतात.